अर्धदेवांचा अर्धा तास

ज्याला लिहिता येतं त्याने स्वतःच्या मुलीबद्दल पत्रक काढू नये, असं माझं आता स्वच्छ मत झालं आहे. ज्याला लिहिता येत नाही तो निदान गप्प बसतो, आणि त्याचं काम होऊन जातं. मी पाणीखात्यात सूचना लिहितो. 'दुरुस्तीच्या कामामुळे उद्या पाणी येणार नाही, नागरिकांनी सहकार्य करावे' हे वाक्य तुम्ही कधी वाचलं असेल, तर ते माझं आहे. अठरा वर्षं मी लोकांना वाईट बातम्या शुद्ध भाषेत देतो आहे. त्यामुळे शाळेच्या मुख्याध्यापिका जेव्हा म्हणाल्या, "तुम्ही लिहिणारे आहात, एक पान लिहून द्या," तेव्हा मला कसलाही संशय आला नाही. उलट छाती फुगली, आणि तिथेच चुकलं.

प्रकरण आमच्या मुलीचं. तिला आम्ही बारकी म्हणतो, कारण जन्मली तेव्हा मूठभर होती. आता तेरा वर्षांची आहे आणि माझ्या खांद्याला लागते. आठवीत आहे. गणितात माझ्या चुका काढते. वर्गात ऐकलेला धडा आठवड्याने विचारा, जसाच्या तसा सांगेल. पण तेच पान पुढ्यात ठेवलं की ओळीओळीला अडखळते, घामाघूम होते आणि पान संपेपर्यंत बाकीचा वर्ग पुढच्या धड्यावर गेलेला असतो. सहा वर्षं प्रगतिपुस्तकात शेरे आले: लक्ष नाही, चंचल आहे, प्रयत्न कमी पडतात. आम्हीही ते खरे मानले. शेवटी एका तज्ज्ञ बाईंनी दोन दिवस बसून तिची तपासणी केली आणि सांगितलं, हा डिस्लेक्सिया आहे. बुद्धी उत्तम आहे, अक्षर आणि आवाज यांची सांगड घालायला तिच्या मेंदूला जास्त कष्ट पडतात, शिकवायची पद्धत बदला आणि परीक्षेत प्रत्येक पेपरला अर्धा तास जास्त मिळवा. मला आधी हायसं वाटलं आणि मग लाज वाटली, कारण 'प्रयत्न कमी पडतात' या शेऱ्यावरून मी तिला दोनदा मारलं होतं. ते दोन फटके आता कुठे नेऊन परत करायचे, हे त्या अहवालात नव्हतं.

तर मिळवायचा होता अर्धा तास. त्यासाठी मोठ्या इस्पितळातल्या मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. मंडळाकडे अर्ज शाळेमार्फतच जातो, आणि अर्जाची शेवटची तारीख महिनाअखेर. म्हणजे हातात चोवीस दिवस. काम एका सहीचं होतं. पण मुख्याध्यापिकाबाई सहीच्या जागी पेन टेकवून म्हणाल्या, "त्याचं काय आहे, पालक कुजबुज करतायत. हिला जास्त वेळ, मग आमच्यांनी काय पाप केलंय? आपण असं करू, एक सभा घेऊ. लोकांच्या मनात जे नेहमीचे प्रश्न असतात त्यांची उत्तरं तुम्ही एका पानावर लिहा. एकदा सगळ्यांचं समाधान झालं की मी लगेच सही करते." पेन त्यांनी परत टोपणात घातलं. सगळ्यांचं समाधान झाल्यावर करायच्या गोष्टी जगात आजवर कोणी केलेल्या नाहीत, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं.

एका बैठकीत मी सात प्रश्न लिहिले. हा आजार आहे का? नाही. मूल मठ्ठ असतं का? नाही. आळशी असतं का? नाही. डोळे तपासून उपयोग होतो का? डोळ्यांचा यात दोष नसतो. औषधाने बरं होतं का? औषध नाही, पण योग्य शिकवण्याने वाचन सुधारतं. घराण्यातून येतं का? बरेचदा येतं. जास्त वेळ कशाला? कारण तिला उत्तर येत असतं, प्रश्न वाचायला वेळ लागतो. बायकोने ते वाचलं. ती दवाखान्यात औषधं देते. कागद वाचून दोन शब्दांत निकाल लावायची तिला सवय आहे. ती म्हणाली, "पुरे. उद्या देऊन टाका."

पण मी पडलो पाणीखात्याचा. आमच्याकडे कुठलाही मसुदा फेरीशिवाय बाहेर जात नाही. मसुद्याला पिवळा कागद जोडायचा आणि तो सात टेबलांवरून फिरवायचा. प्रत्येकाने त्यावर काहीतरी लिहायचंच, कारण कोरा सोडला तर वाचलाच नाही असा अर्थ होतो. आणि एकाने लिहिलेला मजकूर दुसऱ्याने खोडायचा नाही. ज्याने लिहिला त्यानेच सहीनिशी खोडायचा. एकदा उद्या पाणी नाही ही सूचना नऊ दिवसांनी फेरीवरून परत आली होती. तोवर पाणी जाऊन आलं होतं, पण सूचनेत एक चूक सापडेल तर शपथ. अशा शिस्तीत अठरा वर्षं काढलेल्या माणसाला सात प्रश्न सरळ नेऊन देणं जमेना. शिवाय लोकांचे नेहमीचे प्रश्न काय असतात ते लोकांनाच विचारायला नको का? मी मसुद्याला पिवळा कागद लावला आणि इमारतीत फेरीला सोडला.

"ऑफिसातली खोड घरात आणू नका," बायको म्हणाली. तिचं म्हणणं मी नोंदवून घेतलं.

पहिल्या मजल्यावरच्या विमेवाल्याने लिहिलं, 'या स्थितीत पॉलिसी घेता येते का? उत्तरासाठी संपर्क साधा', आणि खाली स्वतःचा नंबर. समोरच्या काकूंनी विचारलं, एका बाकावर बसल्याने लागतो का? मी त्यांना दारातच सांगितलं, काकू, लागत नाही. त्या म्हणाल्या, "मला माहितीये रे, पण लोक विचारतील ना. असू दे." शिकवणीवाल्या सरांनी 'मोबाईलमुळे होतो का' हा प्रश्न घातला आणि उत्तरही स्वतःच 'होय' असं देऊन मोकळे झाले. मेहुणा सहज आला होता, त्यानेही पेन मागितलं: 'बापाकडून येतो की आईकडून?' मी त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "दाजी, सामान्य प्रश्न आहे." माझ्या आईने फोनवरून कळवलं की आमच्याकडे असलं कोणालाच नव्हतं. माझा धाकटा काका तीनदा नापास होऊन शाळा सोडून पळाला होता, पण तो स्वभावाने, असं तिचं म्हणणं पडलं.

फेरी सर्वात वरच्या मजल्यावर गेली आणि सहा दिवस खाली आलीच नाही. वर निवृत्त ग्रंथपाल राहतात. सगळा जन्म वाचनालयात गेला, लोक परत करतील ती पुस्तकं वाचण्यात. सातव्या दिवशी ते स्वतः आले, हातात पिवळा कागद आणि त्याला जोडलेली अडीच पानं. त्यांनी प्रश्न घातला होता: 'डिस्लेक्सियाचा पुराणांतल्या अर्धदेवांशी काय संबंध आहे?' मला वाटलं म्हातारा चेष्टा करतोय. पण ते गंभीर होते. हल्ली मुलांसाठी साहसकथा निघतात म्हणे, त्यांत अशी कल्पना आहे: ज्यांचा बाप देव आणि आई माणूस, किंवा उलट, अशा मुलांना शाळेतली अक्षरं वाचता येत नाहीत, कारण त्यांचा मेंदू देवांच्या जुन्या भाषेसाठी घडलेला असतो. गोष्ट म्हणून मला ते आवडलं, खोटं कशाला बोलू. कुणीतरी पोरांना धीर यावा म्हणून लिहिलं असेल. पण ग्रंथपालांनी तिथे थांबावं की नाही? त्यांनी सूर्याची मुलं, वाऱ्याची मुलं, समुद्राची मुलं, यांपैकी एकही कधी वाचताना दिसत नाही असा पुरावा देऊन ते शास्त्राच्या दाराशी नेऊन बसवलं होतं.

बारकी तेव्हा दारातच उभी होती. ग्रंथपालांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, "तू साधी नाहीस हो. अर्धी देव आहेस."

तिने विचार केला. मग म्हणाली, "आजोबा, मग मला देवांची भाषा तरी वाचता यायला हवी. ती पण येत नाही."

"ती शोधावी लागते."

"त्या मुलांना परीक्षेत जास्त वेळ देतात?"

"त्यांना परीक्षा नसतात, बाळ. त्यांना संकटं असतात."

"मला दोन्ही आहेत," ती म्हणाली आणि आत गेली.

आता मी काय करायला हवं होतं, ते कोणीही सांगेल. ती अडीच पानं काढून टाकायची. पण खोडायचं तर ज्याने लिहिलं त्याची सही हवी. मी वर गेलो. ग्रंथपाल म्हणाले, "मी चाळीस वर्षं दुसऱ्यांची पुस्तकं जपली. माझं म्हणून हे पहिलंच छापून येतंय." त्यांचे डोळे भरले होते. मी खाली आलो. दुसऱ्या दिवशी धीर करून पुन्हा गेलो तर ते आठ दिवसांसाठी बहिणीकडे गेलेले. दाराला कुलूप. तारीख जवळ येत होती, छापणाऱ्याला कागद हवे होते, आणि मी हातात लाल पेन घेऊन बसलो होतो. मला कोणी अडवलं नव्हतं. घरात ना साहेब होता ना सात टेबलं. तरी माझा हात उठला नाही. बायको म्हणाली, "खोडा की." मी म्हणालो, "तसं करता येत नाही." माझ्या उभ्या आयुष्यात मी इतकं मूर्ख वाक्य बोललो नसेन, आणि मी पाणीखात्यात आहे.

शनिवारी सभेला वर्ग भरला होता. पालक मुलांच्या बाकांवर गुडघे वर घेऊन बसले होते. प्रत्येकाच्या हातात चार पानी पत्रक, अक्षर बारीक, कारण चारच पानांत एवढं सगळं बसवायचं होतं. माझं लक्ष सगळं छपाईकडे होतं. दुसऱ्या पानावर एक पूर्णविराम गळला होता, आणि तो कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणून मी देवाचा धावा करत होतो. इतक्यात मुख्याध्यापिकाबाईंनी भाषण आवरलं आणि म्हणाल्या, "आता आपली विद्यार्थिनीच हे वाचून दाखवेल. म्हणजे पालकांना प्रत्यक्षच कळेल."

बारकी उभी राहिली. तिने आधी माझ्याकडे पाहिलं. मग पत्रक डोळ्यांजवळ धरलं. पहिला प्रश्न कसाबसा झाला. दुसऱ्यात ती अडकली, मागे गेली, पुन्हा पुढे आली. 'आळशी' हा शब्द तिने तीनदा धरला आणि तीनदा सुटला. मागून कोणीतरी हसलं. एक बाई शेजारणीला म्हणाली, "वाचतेय की, नुसती हळू वाचतेय." दुसरा गृहस्थ म्हणाला, "वेळ मिळणार म्हटल्यावर आमचा पण असाच वाचेल." तिची मान लाल झाली होती. पाच मिनिटं ती उभी होती, आणि मी पहिल्या बाकावर बसून होतो. मी का उठलो नाही ते मला आजही सांगता येत नाही. सभा चालू असताना मध्ये उठणं बरं दिसलं नसतं, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. शेवटी बायको मागून आली, बारकीच्या हातातून पत्रक घेतलं आणि तिला बाहेर घेऊन गेली.

सभा तिथे संपायला हवी होती. पण तेवढ्यात कोणीतरी शेवटचं पान उलटलं. "हे अर्धदेव काय आहे?" आणि झोपलेला वर्ग जागा झाला. माझ्या सात प्रश्नांवर कोणी चकार शब्द काढला नव्हता; अर्धदेवांवर तासभर चर्चा झाली. अर्धा देव म्हणजे आईबापांपैकी एक देव हे सगळ्यांना पटकन समजलं. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. वरपासून खालपर्यंत पाहिलं. माझी सुटलेली ढेरी पाहिली, इस्त्री गेलेला शर्ट पाहिला, आणि एकमताने मला वगळलं. "म्हणजे मिसेस असतील," एक जण समजुतीने म्हणाला. दुसऱ्याचं डोकं आणखी पुढे चाललं. आई माणूस आणि बाप देव असेल, तर मग हे कोण? हा प्रश्न तो मोठ्याने बोलला नाही, पण जिन्यातून उतरताना दोघातिघांनी माझ्या खांद्यावर सहानुभूतीने हात ठेवला. मी आठ तास नोकरी करतो, भाजी आणतो, सगळी बिलं वेळेवर भरतो. देव नसेन, पण निदान बाप म्हणून तरी मला धरायला हरकत नव्हती.

घरी बारकी भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी पलंगाच्या कडेला बसलो. ती न वळता म्हणाली, "बाबा, तुम्ही उठला का नाहीत?"

मी म्हणालो, "चुकलं माझं."

"तुम्हाला माहीत होतं मला येणार नाही ते."

"माहीत होतं."

तिने पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं. खरं बोलल्यावर मन हलकं होतं म्हणतात, त्यातलं काही झालं नाही.

सोमवारी शाळेत गेलो तर कार्यालयाबाहेर रांग. हसणारे, पुटपुटणारे, सगळे हजर. "आमचा पण अक्षरं गाळतो." "आमची पण वाचायला बसली की जांभया देते." शनिवारी जे नाटक होतं ते सोमवारी दैवी लक्षण झालं होतं, आणि वर अर्धा तास मोफत. त्यांतली दोन-तीन पोरं खरोखरच बारकीसारखी असतील, आणि त्यांची तपासणी व्हायला हवी होती, हे मला दिसत होतं. पण तपासणी कोणालाच नको होती. नुसता अर्ज हवा होता. मुख्याध्यापिकाबाईंकडे बावीस नवे अर्ज जमले. मी म्हटलं, "बाई, आमचा अहवालासकट तयार आहे, तो तरी पुढे पाठवा. आठच दिवस उरलेत."

"एकटीचाच पाठवला तर पक्षपात होतो," त्या म्हणाल्या. "सगळे एकत्रच पाठवते. समाधान महत्त्वाचं." त्यांनी तेवीस अर्जांचा एक गठ्ठा केला, त्याला एकच पत्र, एकच क्रमांक, आणि माहितीसाठी माझं पत्रक जोडून गठ्ठा रवाना केला.

सातव्या दिवशी गठ्ठा परत आला. वर शेरा होता: 'बावीस प्रकरणी तपासणी अहवाल नाही. सोबतच्या पत्रकातील दैवी उत्पत्तीबाबतचा दावा या कार्यालयाच्या कक्षेत येत नाही. सर्व परत.' मी रजा टाकली, गठ्ठ्यातून बारकीचा अर्ज काढून घेतला आणि इस्पितळ गाठलं. मंडळाच्या खिडकीत एक शांत कारकून बसला होता. मी त्याला अहवाल दाखवला. त्याने तो पूर्ण वाचला, हे मला मान्य करायला हवं.

"केस अगदी बरोबर आहे," तो म्हणाला. "पण याच क्रमांकावर 'सर्व परत' असा शेरा आहे ना. तो निघाल्याशिवाय मला हात लावता येत नाही."

"मग काढा."

"ज्यांनी लिहिला त्यांनीच खोडायला हवा. साहेब दौऱ्यावर आहेत, पुढच्या आठवड्यात येतील."

"उद्या शेवटची तारीख आहे."

"मला कळतंय हो." मग त्याची नजर माझ्या गळ्यातल्या ओळखपत्रावर गेली. "तुम्ही पाणीखात्यात का? मग तुम्हाला वेगळं काय सांगायचं."

तो माझीच भाषा बोलत होता आणि माझ्यापेक्षा नम्रपणे बोलत होता. मी नवा अर्ज करू का विचारलं, तो म्हणाला, करा, पण शाळेमार्फत. शाळेत पोहोचेपर्यंत मुख्याध्यापिकाबाई घरी गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी सही केली, मीच धावत कागद नेऊन दिला, आणि तारीख संपायला दोन तास असताना तो 'पुढील तपासणीसाठी' स्वीकारला गेला. पुढील तपासणी परीक्षेनंतर निघाली.

बारकीने परीक्षा सगळ्यांइतक्याच वेळात दिली. मी रोज शाळेच्या फाटकाशी उभा राहायचो. इतिहासाच्या दिवशी ती सर्वांत शेवटी बाहेर आली, बोटांना शाई. मी विचारलं, "कसा गेला?"

"जेवढा गेला तेवढा चांगला गेला. शेवटचे तीन प्रश्न वाचायचेच राहिले." थोडं चालल्यावर म्हणाली, "घंटा झाल्यावर बाईंनी ते मोठ्याने वाचले, कोणीतरी विचारलं म्हणून. तिन्ही मला येत होते."

भाषा आणि इतिहास, दोन विषय राहिले. गणितात वर्गात पहिली. दोन राहिले की वर्ग तोच राहतो, असा नियम आहे. ग्रंथपाल खाली आले आणि बराच वेळ बसून गेले. मुख्याध्यापिकाबाईंनी कळवलं की पत्रकामुळे शाळेत मोठी जागृती झाली आणि पुढच्या सभेत माझा सत्कार करायचा विचार आहे. मी येत नाही असं लिहून पाठवलं, आणि यावेळी मसुदा कोणालाही दाखवला नाही.

सुट्टी लागून तीन आठवडे झाल्यावर पाकीट आलं. मंडळाचं प्रमाणपत्र, शिक्का, दोन सह्या, सगळं व्यवस्थित. बारकी जेवणाच्या टेबलाशी बसली होती. तिने पाकीट माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाली, "वाचा." मी सावकाश वाचून दाखवलं. सदर विद्यार्थिनीस प्रत्येक प्रश्नपत्रिकेसाठी अर्धा तास अधिक वेळ मंजूर करण्यात येत आहे, पुढील शैक्षणिक वर्षापासून.

"म्हणजे परत आठवीत," ती म्हणाली.

"हो."

"पेपर सहा. प्रत्येकी अर्धा तास." तिला कागद लागला नाही. "तीन तास झाले. तीन तास मिळवायला एक वर्ष दिलं आपण. बरोबर आहे ना, बाबा?"

मी पुन्हा एकदा मनात गुणून पाहिलं. मग म्हणालो, "बरोबर आहे."